कीबोर्डला आपली सवय लावताना: मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी शॉर्टकट आणि ऑटोमेशन

काहीही डाउनलोड करण्याआधी एक पाठकोरा कागद घ्या आणि कीबोर्डशेजारी ठेवा. तीन दिवस आपल्याच हातांवर पाळत ठेवायची. एखादं वाक्य पुन्हा टाइप केलं, त्याच मेनूत पुन्हा माउस नेला, तेच चिन्ह पुन्हा कुठूनतरी कॉपी करून आणलं, की त्या कामासमोर एक उभी रेघ मारायची. दुधाच्या हिशेबासारखी, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.

शॉर्टकट शिकवणारे बरेच जण शंभर शॉर्टकटांची यादी हातात देतात. वाचताना उत्साह येतो, आठवड्याने त्यातले दोन लक्षात राहतात. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. कागद ठेवण्याआधी मला खात्री होती की माझा वेळ प्रोग्रॅम उघडण्यात जातो. तीन दिवसांनी त्या रांगेत जेमतेम सात रेघा होत्या, आणि ‘भाषा बदलली’ या रांगेत मी मोजणंच सोडून दिलं होतं. तुमचा कागद वेगळा निघेल. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याच्या कागदावर तारखा भरतील, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कागदावर ‘आपणांस कळविण्यात येते की’. खाली दिलेल्यातलं काय घ्यायचं, ते त्या रेघांवरून ठरवा.

पुढचं सगळं विंडोज ११ धरून लिहिलं आहे. विंडोज १० वर बहुतेक गोष्टी अशाच चालतात, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे ध्यानात असू द्या. पडद्यावर मेनूंची नावं इंग्रजीत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

आधी घरातलं वापरा

आधीपासून असलेल्या गोष्टी आपण वापरत नाही आणि नव्या शोधत फिरतो. कागदावर ‘कॉपी करायला पुन्हा मागे गेले’ अशा रेघा जास्त असतील तर उपाय विंडोजमध्येच आहे: विंडोज बटण आणि व्ही. पहिल्यांदा दाबलं की क्लिपबोर्डचा इतिहास चालू करायचा का असं विचारतं, हो म्हणा. मग कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे रांगेत दिसतात, हवी ती निवडून चिकटवायची. नेहमी लागणारा मजकूर, म्हणजे पत्ता किंवा जीएसटी क्रमांक, पिन करून ठेवता येतो. पिन न केलेलं कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्यावर जातं, पिन केलेलं राहतं. एक सावधगिरी: तुम्ही पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या रांगेत येऊन बसू शकतो. दुसऱ्याच्या हाती कॉम्प्युटर देण्याआधी ‘क्लिअर ऑल’ करा.

कट, कॉपी, पेस्ट हे लॅरी टेस्लर यांचं देणं. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात आणि पुढे ॲपलमध्ये त्यांनी काम केलं, २०२० साली ते गेले. चिकटवण्यासाठी व्ही का, याचं उत्तर कीबोर्डकडे पाहिलं की मिळतं: झेड, एक्स, सी, व्ही ही चारही बटणं ओळीने आणि कंट्रोलच्या जवळ आहेत. आपले शॉर्टकट ठरवतानाही अक्षराच्या अर्थापेक्षा बोटाच्या सोयीकडे बघा. ‘पत्ता’ म्हणून पी निवडलं आणि त्यासाठी दोन्ही हात उचलावे लागले, तर तो शॉर्टकट आठवडाभरही टिकत नाही.

आणखी थोडे. विंडोज-शिफ्ट-एस दाबलं की पडद्याचा हवा तेवढा तुकडा कापून घेता येतो. विंडोज आणि १ ते ९ मधला आकडा दाबला की टास्कबारवरचा त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम उघडतो, म्हणून टास्कबारवरचा क्रम एकदा विचार करून लावा आणि मग हलवू नका. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख पडते, वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट-डी, नोटपॅडमध्ये एफ५. आणि ₹ साठी इंटरनेटवर जाऊन कॉपी करणाऱ्यांनो: कीबोर्डची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ असेल तर उजवं ऑल्ट आणि ४. हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं, तरी अजून कित्येक बिलांवर ते चौकोन होऊन छापलं जातं. पण तो दोष जुन्या फॉन्टचा, कीबोर्डचा नाही.

भाषा बदलणं: इथे सगळ्यात जास्त वेळ वाचतो

मराठी आणि इंग्रजी मिसळून लिहिणाऱ्या माणसाचा खरा शत्रू म्हणजे ‘आत्ता कोणती भाषा चालू आहे?’ हा प्रश्न. अर्धं वाक्य टाइप करून वर पाहावं तर पडद्यावर भलतंच काहीतरी. मग पुसा, भाषा बदला, पुन्हा टाइप करा.

पहिली पायरी साफसफाईची. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडा. बऱ्याच कॉम्प्युटरांवर तिथे इंग्लिश (युनायटेड स्टेट्स), इंग्लिश (इंडिया) आणि मराठी असे तीन तरी सापडतात. मराठीच्या आत पुन्हा दोन कीबोर्ड असू शकतात, एक इनस्क्रिप्टचा (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी) आणि एक फोनेटिक (रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणारा). यातलं जे वापरत नाही ते काढून टाका. विंडोज-स्पेस दाबलं की विंडोज या सगळ्यांतून आळीपाळीने जातं. चार असतील तर तुम्ही चकव्यात सापडल्यासारखे फिरत राहता. दोनच ठेवा, म्हणजे एकदा दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी.

दुसरी पायरी याहून चांगली, पण ती जुन्या खिडक्यांच्या तळाशी दडलेली आहे. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्येच ‘टायपिंग’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’, आणि तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. विंडोज एक्सपीच्या काळातली वाटावी अशी छोटी खिडकी उघडेल. त्यात प्रत्येक भाषेची एक ओळ असते. इंग्रजीची ओळ निवडा, ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा, डावं ऑल्ट-शिफ्ट निवडून आकडा १ द्या. मराठीला २. आता अदलाबदल नाही, थेट आज्ञा: डावं ऑल्ट-शिफ्ट-२ म्हणजे मराठीच, आधी काहीही चालू असो. वर बघावंच लागत नाही. तिथे कंट्रोल-शिफ्टचाही पर्याय असतो, पण तो घेऊ नका. कंट्रोल-शिफ्ट-१ एक्सेलमध्ये आकड्यांची मांडणी बदलतं आणि कंट्रोल-शिफ्ट-८ वर्डमध्ये परिच्छेदांच्या खुणा दाखवतं.

त्याच ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवण्याचाही पर्याय आहे. भाषांतर करणाऱ्यांनी तो नक्की चालू करावा. ब्राउझर इंग्रजीत राहतो, वर्ड मराठीत, आणि ऑल्ट-टॅब केलं की भाषा आपोआप बदलते.

इथे जरा थांबून इनस्क्रिप्टविषयी. मला कित्येकजण विचारतात की ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला अर्धा र टाकायला एखादा शॉर्टकट बनवून दे. अहो, तो आधीच आहे. इनस्क्रिप्टमध्ये र हा ‘जे’ या इंग्रजी अक्षराच्या बटणावर आहे, त्यालाच शिफ्ट लावलं की ऱ येतो. मग डी दाबून हलन्त, मग य. ळ सुद्धा तसाच, शिफ्ट-एन. हे नीट शिकून घेण्याला आणखी एक कारण आहे. साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालूनही ‘दर्‍या’ असाच आकार उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द. दोनशे पानांच्या फाइलमध्ये ‘दऱ्या’ शोधताना निम्मे सापडत नाहीत ते यामुळे. ‘ॲ’ची गोष्टही अशीच: तो एक अक्षर म्हणूनही टाकता येतो आणि अ वर ॅ देऊनही. कुठला ते एकदा ठरवा आणि तोच पाळा.

पॉवरटॉइज: बटणांची अदलाबदल

विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टने पॉवरटॉइज नावाची किरकोळ खेळण्यांची पेटी दिली होती. २०१९ साली तेच नाव नव्याने, मुक्तस्रोत प्रकल्प म्हणून आलं आणि आता ते खेळणं राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये फुकट मिळतं. बसवून झालं की डावीकडच्या यादीत ‘कीबोर्ड मॅनेजर’ शोधा. आवृत्तीनुसार पुढचे शब्द थोडे इकडेतिकडे होतील, पण मांडणी हीच: ‘रीमॅप अ की’ म्हणजे एका बटणाला दुसरं काम देणं, ‘रीमॅप अ शॉर्टकट’ म्हणजे बटणांच्या जोडीला दुसरं काम देणं.

पहिला बळी कॅप्सलॉक. मराठी लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि जागा मात्र हाताच्या अगदी जवळची. ‘रीमॅप अ की’ उघडा, अधिकचं चिन्ह दाबा, डावीकडे ‘सिलेक्ट’ करून कॅप्सलॉक दाबा, उजवीकडे विंडोज-स्पेस. ओके करताना ते बजावेल की कॅप्सलॉकला आता कोणी वाली उरला नाही. ‘कंटिन्यू एनीवे’ म्हणा. झालं. डाव्या करंगळीने एकदा टिचकी मारली की मराठी, पुन्हा मारली की इंग्रजी. वरची साफसफाई केली नसेल तर मात्र याचा काही उपयोग नाही, कारण टिचकी तिसऱ्याच कीबोर्डवर जाऊन पडेल.

कॅप्सलॉक अगदीच नको असं नसतं. पॅन कार्डाच्या अर्जासारखे फॉर्म कॅपिटल अक्षरांत मागतात. म्हणून स्क्रोललॉक नावाचं जे बटण वर कोपऱ्यात वर्षानुवर्षं धूळ खात असतं, त्याला कॅप्सलॉकचं काम द्या. लॅपटॉपवर स्क्रोललॉक बहुधा नसतं. तिथे उजवं कंट्रोल चालेल.

‘रीमॅप अ शॉर्टकट’मध्ये उजवीकडे बटणाऐवजी मजकूरही देता येतो, ‘सेंड टेक्स्ट’ निवडून. एखादी जोडी दाबली की ‘सस्नेह नमस्कार,’ पडावं असं करायचं असेल तर इथेच होतं. वेगळं काही बसवायला नको. शेवटच्या चौकटीत विशिष्ट प्रोग्रॅमचं नाव दिलं तर तो शॉर्टकट तेवढ्या प्रोग्रॅमपुरताच राहतो. नवीन माणसाने शक्यतो हेच करावं. एका प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर बाकीचं घर शाबूत राहतं.

एक खाचखळगा भारतीय कीबोर्डवर हमखास लागतो. ‘इंग्लिश (इंडिया)’मध्ये उजवं ऑल्ट म्हणजे विंडोजच्या दृष्टीने कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र. ₹ येतो तो त्यामुळेच. तेव्हा तुम्ही कंट्रोल-ऑल्ट-४ ला काही वेगळं काम दिलंत तर तुमचा रुपया गायब होईल. एका हिशेबनीस मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी हा पराक्रम केला आहे. तिने दोन दिवस कीबोर्ड बिघडला म्हणून दुसरा लावून पाहिला.

काही गोष्टी होणार नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेली आहेत. एफएन बटण बहुतेक लॅपटॉपांत विंडोजपर्यंत पोचतच नाही. लॉगिनच्या पडद्यावर पॉवरटॉइज चालू नसतं, त्यामुळे तिथे कॅप्सलॉक हा कॅप्सलॉकच असतो. पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर आधी ते बघा. आणि एखादा प्रोग्रॅम ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडला असेल तर त्याच्या खिडकीत तुमचे बदल चालणार नाहीत, पॉवरटॉइजही तसंच उघडलं तरच चालतील.

वर्डपुरतं काम असेल तर

सगळं लिखाण वर्डमध्येच होत असेल तर वेगळं साधन कशाला? फाइल, ऑप्शन्स, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’. डाव्या चौकटीत छोटं रूप, उजव्या चौकटीत पूर्ण रूप. ‘मरासा’ टाइप करून स्पेस दिली की ‘महाराष्ट्र शासन’.

इथे नवखे अडकतात ते असं: घरी चाललं, फाइल बदलली आणि बंद पडलं. कारण ऑटोकरेक्टची यादी भाषेगणिक वेगळी असते. खिडकीच्या डोक्यावर नीट पाहिलं तर ‘ऑटोकरेक्ट: इंग्लिश (इंडिया)’ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. मराठी मजकुरासाठी नोंद करायची असेल तर आधी मराठी मजकुरात कर्सर ठेवा आणि मगच ती खिडकी उघडा.

लांब मजकुराला ऑटोकरेक्ट बरं नाही, साध्या मजकुराची मर्यादा २५५ अक्षरांची आहे. सभेची सूचना, पत्राचा मायना, सहीचा तुकडा यासाठी असं करा: मजकूर निवडा, ऑल्ट-एफ३ दाबा, त्याला ‘सभा’ असं छोटं नाव द्या. पुढच्या वेळी ‘सभा’ टाइप करून एफ३ दाबलं की अख्खी सूचना तिच्या ठळक शीर्षकासकट, रकान्यांसकट हजर. वर्डमध्ये हे कैक वर्षांपासून आहे आणि मी ते वापरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली आहेत.

मॅक्रो, म्हणजे ओळीने केलेल्या क्रियांची नोंद, रेकॉर्ड करायचं बटण ‘व्ह्यू’मध्ये आहे, एकच क्रिया शंभरदा करायची असेल तर जरूर वापरा. फक्त रेकॉर्ड करताना मजकूर माउसने निवडता येत नाही, शिफ्ट आणि बाणांनी निवडावा लागतो.

ऑटोहॉटकी: थोडं धाडस

वर्डमध्येही, ब्राउझरमध्येही, व्हॉट्सॲपच्या खिडकीतही एकच संक्षेप चालावा असं वाटू लागलं, की ऑटोहॉटकीची पायरी आली. हे मुक्त आणि फुकट साधन २००३ पासून आहे. दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिची भाषा पहिलीपेक्षा वेगळी आहे. इंटरनेटवरचे कित्येक जुने नमुने पहिल्या आवृत्तीचे आहेत. ते जसेच्या तसे चिकटवले की चूक दाखवणारी खिडकी येते आणि नवखा माणूस समजतो की आपल्याला जमत नाही. नमुना कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी पाहा.

कार्यक्रम असा. ऑटोहॉटकीच्या अधिकृत संकेतस्थळावरून दुसरी आवृत्ती बसवा. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘न्यू’मधून नवी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, बनवा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक संक्षेपाची एक ओळ: दोन कोलन, संक्षेप, पुन्हा दोन कोलन, पूर्ण मजकूर.

::;सन::सस्नेह नमस्कार,
::;कळ::आपला निरोप मिळाला, सवडीने सविस्तर कळवते.

फाइल सेव्ह करा, तिच्यावर डबल क्लिक करा. घड्याळाजवळ हिरवा छोटा चौकोन दिसला की ती चालू झाली. आता संक्षेप टाइप करून स्पेस किंवा एन्टर दाबलं की मजकूर पडतो. स्पेसची वाट न पाहता लगेच पडावा असं हवं असेल तर पहिल्या दोन कोलनांच्या मधे एक तारा घाला.

संक्षेप इथे देवनागरीत दाखवले आहेत, पण माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आहेत. फोनेटिक कीबोर्ड वापरत असाल तर तुम्हीही तसंच करा आणि संक्षेप टाइप करताना इंग्रजीवर या. फोनेटिकमध्ये तुम्ही दाबता रोमन अक्षरं आणि पडद्यावर दिसतात मराठी, मधल्या त्या उलथापालथीत ऑटोहॉटकीला काय पकडायचं ते कळेनासं होतं. मजकूर मात्र हवा तेवढा देवनागरीत लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह झालेली हवी, नाहीतर मराठीच्या जागी कचरा येईल. आजचं नोटपॅड ती तशीच करतं. जुनी फाइल असेल तर ‘सेव्ह ॲज’मध्ये खाली पाहून घ्या.

संक्षेपाच्या आधी तो अर्धविराम का, ते सांगते. माझ्या पहिल्या फाइलमध्ये पत्त्यासाठी मी ‘ॲड्रेस’ची दोन अक्षरं निवडली होती, पहिलं आणि शेवटचं: ए आणि एस. सुटसुटीत वाटली. दुसऱ्याच दिवशी एका प्रकाशकाला इंग्रजीत ईमेल लिहिली, न वाचता पाठवली. ‘ठरल्याप्रमाणे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य सुरू होतं त्याच दोन अक्षरांनी. ईमेलमध्ये सहा ठिकाणी माझा पिनकोडसकट पूर्ण पत्ता गेला. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं: ‘पत्ता नोंदवून घेतला आहे.’ तेव्हापासून माझा प्रत्येक संक्षेप अर्धविरामाने सुरू होतो, कारण अर्धविरामाला चिकटून अक्षर येणारा शब्द ना मराठीत आहे, ना इंग्रजीत.

बटणांची कामं बदलायची असतील तर चिन्हं लक्षात ठेवा: ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट आणि # म्हणजे विंडोज बटण. ही चिन्हं, मग अक्षर, मग दोन कोलन, मग आज्ञा. आज्ञा इंग्रजीतच लिहाव्या लागतात. ऑटोहॉटकीच्या मदतपानांवर त्या उदाहरणांसकट आहेत. सुरुवातीला फक्त संक्षेपांवर राहिलात तरी निम्म्याहून जास्त काम झालं.

कॉम्प्युटर चालू झाला की फाइल आपोआप चालू व्हावी, यासाठी विंडोज-आर दाबा. येईल त्या चौकटीत इंग्रजीत ‘शेल’, कोलन, ‘स्टार्टअप’ असं मधे जागा न सोडता लिहा आणि एन्टर. उघडलेल्या फोल्डरात तुमच्या फाइलचा शॉर्टकट ठेवा. मूळ फाइल नको, शॉर्टकटच. मूळ फाइल डॉक्युमेंट्समध्ये राहू द्या, म्हणजे बॅकअपमध्ये येते.

काही भलतंच होऊ लागलं तर घाबरायचं नाही. हिरव्या चौकोनावर राइट क्लिक, ‘एक्झिट’. सगळं पूर्ववत. हे पहिल्याच दिवशी एकदा करून पाहा.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हे बसवू नका. बटणांवर नजर ठेवणारा कोणताही प्रोग्रॅम सुरक्षेच्या दृष्टीने संशयास्पद दिसतो, आणि त्यांचं चुकत नाही. ऑनलाइन खेळ खेळताना ही फाइल बंद ठेवा. काही खेळ अशा साधनांना लबाडी समजून खातं बंद करतात. आणि पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचे तपशील संक्षेपात कधीही घालू नका. ती साधी मजकुराची फाइल आहे, कुणीही उघडून वाचू शकतं.

बटणांच्या पलीकडची कामं

कागदावरच्या काही रेघा टायपिंगच्या नसतात. दर महिन्याला वीस बिलांच्या पीडीएफ जोडून एक करणं, फोटोंची नावं बदलणं. नावं बदलायला पॉवरटॉइजमध्येच ‘पॉवररीनेम’ आहे: फाइली निवडा, राइट क्लिक, काय शोधायचं आणि त्याजागी काय घालायचं ते लिहा; आधी नमुना दाखवतं, मग बदलतं.

पीडीएफ जोडण्यासारख्या कामांना ‘पॉवर ऑटोमेट’ पाहा. २०२१ पासून विंडोज वापरणाऱ्यांना त्याची डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे, मायक्रोसॉफ्टचं खातं मात्र लागतं. डावीकडे क्रियांची यादी असते, त्या उचलून मधे एकाखाली एक ठेवायच्या: ‘या फोल्डरातल्या फाइली घे’, ‘त्या पीडीएफ जोड’. कोड लिहावा लागत नाही. पहिला प्रयोग नेहमी नकली फोल्डरवर करा, जिथे सगळ्या फाइलींच्या प्रती ठेवल्या आहेत. संगणक चूक करत नाही हे खरं, पण तुमची चूक तो दोनशे फाइलींवर तितक्याच इमानाने करतो.

मॅक वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. सिस्टिम सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ आधीपासून आहे, आणि इनपुट सोर्सच्या पानावर कॅप्सलॉकने इंग्रजीवर ये-जा करण्याची साधी खूण आहे. वर आपण जे पॉवरटॉइजने केलं ते तिथे एका टिचकीत होतं. लिनक्सवाले आणि तिन्ही प्रकारचे कॉम्प्युटर वापरणारे एस्पान्सो हे मुक्तस्रोत साधन पाहू शकतात, त्याची संक्षेपांची यादी तिन्हीकडे चालते.

पहिला महिना

एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त बदल करू नका. कॅप्सलॉक बदललात तर तो आठवडा फक्त त्याचा. बोटं चिडतात, चुकीची बटणं दाबतात, चौथ्या दिवशी शांत होतात. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर विंडोजमध्ये आपलं खातं वेगळं ठेवा, नाहीतर शाळेचा प्रोजेक्ट टाइप करणाऱ्या मुलाला कॅप्सलॉक का चालत नाही हे समजावण्यात तुमची संध्याकाळ जाईल. पॉवरटॉइजच्या ‘जनरल’ पानावर बॅकअपचं बटण आहे, ते दाबा आणि ऑटोहॉटकीच्या फाइलची प्रत स्वतःला ईमेल करा. नवा लॅपटॉप घेतल्यावर पहिल्या तासात हेच दोन लागतात.

पाठकोऱ्या कागदाच्या उरलेल्या भागावर तुमचे नवे शॉर्टकट मोठ्या अक्षरांत लिहून तो मॉनिटरच्या कडेला चिकटवा. जो हाताला पाठ झाला त्यावर रेघ मारा. जो महिनाभर एकदाही लागला नाही, तो कागदावरून आणि कॉम्प्युटरवरूनही काढून टाका. माझ्या कागदावर आता दोनच ओळी शिल्लक आहेत, आणि त्यातली एक, ‘;pat’, मी मुद्दाम ठेवली आहे. पत्त्याचा संक्षेप आता तो आहे, आणि ईमेल पाठवण्याआधी वरून खाली एकदा वाचायची असते हे तो बघितला की आठवतं.